सरळ रस्ता आणि मागची दोन चाकं

माझी गाडी ताशी ९०च्या पुढे गेली की मागून हलायची. खडखडाट नाही, स्टेअरिंगला थरथर नाही, ब्रेक मारताना एका बाजूला ओढणं नाही. फक्त सरळ रस्त्यावर ती सरळ राहायची नाही. थोडी डावीकडे सरकायची, मी सावरायचे. सावरलं की थोडी उजवीकडे, पुन्हा सावरायचं. शहरात, जालना रोडच्या गर्दीत, याचा मागमूसही नसे. सावंगीहून समृद्धी महामार्गावर चढलं आणि काटा शंभराला टेकला की सुरू. नागपूरला पोचेपर्यंत खांदे भरून यायचे.

नागपूरला आई असते, मी छत्रपती संभाजीनगरला. ११ डिसेंबर २०२२ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि आमचं येणं-जाणं वाढलं. त्याआधी जुन्या रस्त्यानं जाताना ७०-८०च्या वर सलग असं जायला मिळायचंच नाही. समृद्धीवर कारला ताशी १२०ची मर्यादा आहे आणि तासन् तास एकाच वेगात जाता येतं. तिथेच गाडीचं हे दुखणं उघड झालं. गाडी सेकंडहँड, ओळखीतून घेतलेली सेडान. इंजिन उत्तम, कागदपत्रं चोख, आणि आधीच्या मालकानं हौसेनं बसवलेली रुंद अलॉय व्हील्स.

ज्याला विचारावं त्याचं निदान वेगळं. कुणी म्हणालं, स्टेअरिंगचा रॅक सैल झालाय. एका गॅरेजनं चारही शॉकअब्सॉर्बर बदलायचा खर्चच लिहून हातात दिला. एका नातेवाइकांच्या मते काँक्रीटवर सगळ्याच गाड्या अशा चालतात. पण ट्रकला मागे टाकून जाणाऱ्या, माझ्यापेक्षा लहान आणि हलक्या गाड्या रेषेत जाताना मला रोज दिसत होत्या, त्यामुळे ते काही पटलं नाही. शॉकअब्सॉर्बर आणि रॅक दुसरीकडे तपासून घेतले, दोन्ही ठीक निघाले. मग टायरकडे वळले.

एक नियम मी पहिल्या दिवसापासून पाळला: एका वेळी एकच बदल, आणि तो नेहमी त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला तपासायचा. सावंगी ते जालना हा पट्टा घेतला, पहाटेचा, वारा उठायच्या आधीचा. स्टेअरिंगच्या माथ्यावर मधोमध पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि मुलगी शेजारी बसून मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढायची. ती पट्टी सरळ रस्त्यावर किती वेळा आणि किती हलते, हे घरी येऊन निवांत बघायचं. ड्रायव्हरला गाडीची सवय होते आणि आपण किती सावरतोय हे त्याचं त्यालाच कळेनासं होतं. व्हिडिओत सगळं उघडं पडतं.

सुरुवात हवेपासून. हवेचा स्वतःचा गेज विकत घेतला. पंपावरच्या मशिनवर माझा राग नाही, पण दोन पंपांवरचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. दिवसभर आपटला जाणारा, उन्हात पडलेला गेज चुकणारच. शिवाय पंपापर्यंत जाताना टायर गरम होतो, म्हणजे मोजणी तिथेच बिघडते. सकाळी गाडी हलवायच्या आधी, ऊन चाकांवर यायच्या आत मोजायचं. आमच्या पार्किंगमध्ये एका बाजूची दोन चाकं आठ वाजताच उन्हात येतात आणि नुसत्या तेवढ्यानं त्या बाजूला एक-दोन पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक, बोलीत ‘पॉइंट’) जास्त दिसतात. उन्हातला आकडा बघून ती हवा कमी केली, तर सावलीत गेल्यावर ती बाजू रिकामी पडणार.

पहिल्या मोजणीत पुढचं डावं ३३, पुढचं उजवं ३५, मागचं डावं २६, मागचं उजवं २९. नुसतं बघून कुणालाही कळलं नसतं. रेडियल टायरची बाजू तशीही थोडी फुगलेली दिसते, त्यामुळे २६ आणि ३३ डोळ्यांना सारखेच. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर कंपनीची पट्टी असते. माझ्या गाडीला तीत दोन-तीन माणसांसाठी पुढे ३३, मागे ३०, आणि पूर्ण भाराला पुढे ३३, मागे ३६ असं लिहिलं आहे. टायरच्या बाजूवर ठसवलेला मोठा आकडा हा नव्हे. तो त्या टायरला सोसेल अशी कमाल हवा सांगतो, तुमच्या गाडीला किती हवी ते सांगत नाही. तो आकडा वाचून तेवढी हवा भरणारी माणसं मी पाहिली आहेत, म्हणून मुद्दाम लिहिते.

चारही चाकं पट्टीप्रमाणे केली आणि निघालो. फरक लगेच जाणवला. गाडी सारखी डावीकडे जायला बघत होती, ते थांबलं. ज्या बाजूला हवा कमी, त्या बाजूचं चाक जास्त दबतं, जड फिरतं, आणि गाडी तिकडे ओढली जाते. पण मागचं डुलणं पूर्ण गेलं नाही. कमी झालं, संपलं नाही.

हे का होतं ते समजून घेतल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नव्हतं. टायरचं तोंड ज्या दिशेला असतं, त्या दिशेला तो तंतोतंत जात नाही. बाजूनं जोर आला की रबर आणि साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, थोडी मुरडते, तोंडाची दिशा आणि प्रत्यक्ष जाण्याची दिशा यांत बारीक कोन पडतो, आणि त्या कोनातूनच गाडीला आडवा आधार मिळतो. याला स्लिप अँगल म्हणतात. महामार्गावर सरळ जाताना तो एक अंशाच्याही आत असतो. सरळ जाणं म्हणजे या एवढ्याशा कोनात सतत चाललेली सावरासावर. हवा कमी असली की साइडवॉल आधी वाकते आणि मग आधार देते, आणि तो आधारही कमी पडतो. चाकाला थोडं अंतर फिरावंच लागतं, तेव्हा कुठे पूर्ण जोर येतो. दुसरं असं की वेग वाढतो तशी गाडीचं डुलणं आपोआप विरण्याची शक्ती कमी होत जाते. ६०ला जी हालचाल एका क्षणात जिरते, ती ११०ला रेंगाळते. शहरात काहीच न जाणवण्याचं कारण हेच.

आणि यात सगळ्यात जास्त काम मागच्या दोन चाकांचं आहे. लोक पुढच्या चाकांकडे बघतात, कारण स्टेअरिंग त्यांना जोडलेलं असतं. पण वाऱ्यानं किंवा ट्रकच्या झोतानं नाक बाजूला ढकललं गेलं, तर गाडीला पुन्हा रेषेत आणतात ती मागची चाकं, बाणाला मागे लावलेली पिसं आणतात तशी. पुढच्या टायरपेक्षा मागचा टायर ढिला असेल, तर नाक हललं की शेपूटही निसटायला बघतं आणि प्रत्येक वेळी ड्रायव्हरला हात घालावा लागतो. पुढच्या चाकांचं चुकलेलं स्टेअरिंगनं सावरता येतं, मागच्यांचं चुकलेलं उशिरा कळतं.

याचं जुनं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९६० सालची शेवरले कॉर्व्हेअर. तिचं इंजिन मागे, म्हणजे वजनही मागे. गाडी नीट चालावी म्हणून कंपनीनं थंड टायरमध्ये पुढे १५ आणि मागे २६ पीएसआय ठेवायला सांगितलं होतं, म्हणजे पुढचे टायर मुद्दाम मऊ आणि मागचे टणक. एखाद्यानं पंपावर चारही चाकांत सवयीनं सारखीच हवा भरून घेतली की तो तोल गेला. त्या गाडीच्या मागच्या सस्पेन्शनवरूनही पुढे मोठा वाद झाला, तो विषय वेगळा. मला त्यातून एवढंच घ्यायचं होतं की पुढच्या आणि मागच्या हवेतला फरक गाडीचा स्वभाव बदलू शकतो. माझ्या गाडीचे आकडे उलट दिशेला गेले होते: पुढे ३५पर्यंत, मागे २६पर्यंत.

मग प्रश्न असा, की हवा बरोबर करूनही मागची बाजू ढिली का? त्यासाठी चाकं उतरवायला हवी होती. आमच्या भागातले टायरवाले चाचा या धंद्यात केस पांढरे केलेले. घाईघाईनं काही विकायची त्यांना सवय नाही. त्यांनी चारही चाकं काढून ओळीनं उभी केली आणि मला जवळ बोलावलं.

“मॅडम, ही बघा. पुढची जोडी एका कंपनीची, मागची दुसऱ्या. माप सारखं आहे, पण टायर सारखे नाहीत.”

चारही २०५/५० आर १६, म्हणजे २०५ मिलिमीटर रुंद, बाजूची उंची रुंदीच्या ५० टक्के आणि रिम १६ इंची. पुढचा टायर अंगठ्यानं बाजूवर दाबला तर जेमतेम हलायचा, नक्षी मोठ्या ठोकळ्यांची, स्पोर्टी जातीचा, वेगाचं अक्षर व्ही, म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतचा. मागचा आरामदायी प्रवासासाठी बनवलेला, बाजू मऊ, अक्षर टी, म्हणजे १९०पर्यंतचा. त्या अक्षराचा अर्थ आपल्याला तितक्या वेगानं जायचं आहे असा नसतो. पण वरच्या वर्गाच्या टायरमध्ये नक्षीखालच्या पोलादी पट्ट्यांवर नायलॉनचं आच्छादन बहुधा जास्त भक्कम असतं आणि एकूण बांधणी घट्ट असते, ती शंभरालाही हाताला कळते. म्हणजे आधीच्या मालकानं दोन नवे, टणक टायर पुढे बसवून घेतले होते आणि जुने मऊ मागे राहू दिले होते. दुकानात गेलं की हेच होतं. “नवे पुढे टाका, स्टेअरिंग हलकं लागेल,” असं म्हणतात आणि गिऱ्हाइकालाही ते पटतं.

चाचांनी मागच्या टायरवरचा लंबगोलातला चार आकडी शिक्का दाखवला: ३४१७. म्हणजे २०१७ सालचा ३४वा आठवडा. नक्षीच्या खाचांच्या तळाशी केसासारख्या चिरा होत्या. नख रुतवलं तर पुढच्या टायरवर खूण उठायची, मागच्यावर नाही. नक्षीची खोली पुढे सहा मिलिमीटरच्या वर, मागे तीनच्या आसपास. कायद्याची किमान मर्यादा कारला १.६ मिलिमीटर आहे, म्हणजे कागदोपत्री तो टायर चालत होता. २०२३मध्ये समृद्धीच्या प्रवेशद्वारांवर आरटीओच्या पथकांनी टायर तपासायला सुरुवात केली, तिथेही तो पास झाला असता.

इथे एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. कोरड्या रस्त्यावर घासलेला टायर ढिला लागत नाही. नक्षीचे ठोकळे बुटके झाल्यामुळे ते कमी मुरडतात, उलट टायर थोडा टणकच लागतो. म्हणून घासलेल्या टायरवर गाडी छान चालतेय असं वाटत राहतं आणि पहिल्या जोरदार पावसात खरं काय ते कळतं. माझ्या गाडीचं कोरड्यातलं डुलणं नक्षीमुळे नव्हतं, मऊ साइडवॉलमुळे आणि पुढच्या-मागच्या टायरच्या विसंगतीमुळे होतं.

पुढची जोडी मागे आणि मागची पुढे, एवढाच बदल केला. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तोच पट्टा. स्टेअरिंग किंचित आळसावलं, आधीसारखं हात लावताच नाक वळेना, आणि मागची बाजू मात्र जागेवर बसली. लेन बदलून परत आलं की गाडी एकदाच हलायची आणि थांबायची. पूर्वी दोन-तीन हेलकावे खायची. महामार्गावर स्टेअरिंग थोडं संथ असणं मला हवंच होतं. मुलीनं व्हिडिओ बघून सांगितलं, “आई, पट्टी बऱ्यापैकी स्थिर आहे गं.” एक पैसाही खर्च न होता एवढा फरक.

तरी दोन गोष्टी उरल्या. जुन्या डांबरी रस्त्यावर, जड वाहनांनी पाडलेल्या चाकोऱ्यांमध्ये, गाडी त्या चाकोरीच्या मागे ओढली जायची. आणि पुलाच्या जोडावर एक चाक आधी आपटलं की स्टेअरिंग हातात झटका द्यायचं.

त्यासाठी आधी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. टायरवर हात फिरवून बघायची युक्ती चाचांनी शिकवली आणि ती कुणीही करून बघावी. तळहात नक्षीवरून आडवा फिरवायचा, बाहेरून आत आणि मग आतून बाहेर. एका दिशेला हात गुळगुळीत सरकतो आणि उलट दिशेला ठोकळ्यांच्या कडा बोचतात, तर समजायचं की चाक सरळ न फिरता थोडं तिरकं घासत चाललं आहे. माझ्या पुढच्या दोन्ही चाकांवर कडा बोचत होत्या. मशिनवर चढवल्यावर दिसलं की पुढच्या चाकांची तोंडं किंचित बाहेर गेली आहेत, ज्याला टो-आउट म्हणतात. अशा गाडीचं प्रत्येक पुढचं चाक आपापल्या बाजूला जायला बघतं. ज्या चाकावर क्षणभर जास्त भार येतो ते जिंकतं, आणि गाडी भटकते. ती तोंडं कंपनीच्या मापाप्रमाणे अगदी थोडी आत घेतली. मागचा अॅक्सल माझ्या गाडीला टॉर्शन बीमचा, म्हणजे दोन्ही मागची चाकं एकाच आडव्या तुळईनं जोडलेला आहे, तिथे पाना लावून जुळवायची सोय नसते. पण आकडे मर्यादेत होते.

अलाइनमेंटला जाताना दोन गोष्टींवर अडून बसा. आधी चारही चाकांची हवा बरोबर करून घ्या, नाहीतर गाडी एका कोपऱ्यावर बसते आणि कोन चुकीचे दिसतात. आणि आधीचे व नंतरचे आकडे असलेला कागद हातात घ्या. ते कागद मी गाडीत ठेवते.

अलाइनमेंटनंतर काँक्रीटवरची गाडी मला आवडू लागली, पण चाकोरीची ओढ आणि जोडावरचा झटका गेला नाही. तो दोष रिमचा होता. कंपनीचं मूळ माप १८५/६५ आर १५. आधीच्या मालकानं एक इंच मोठे, रुंद रिम लावले होते आणि त्यांचा ऑफसेट वेगळा होता, म्हणजे चाक बाहेरच्या बाजूला सरकलेलं. त्यामुळे चाक ज्या अक्षाभोवती वळतं, त्यापासून टायरचा रस्त्याला टेकणारा मध्य लांब जातो. रस्त्यानं चाकाला मागे ढकललं की तो धक्का लांब दांड्यानं दिल्याप्रमाणे सरळ स्टेअरिंगपर्यंत येतो. त्यात टायर रुंद आणि बाजू आखूड. असा टायर रस्त्याचा प्रत्येक चढ-उतार वाचतो आणि त्याप्रमाणे वळायला बघतो. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर ही चाकं देखणी दिसतात. विदर्भ-मराठवाड्याच्या रस्त्यांवर ती रोजचा त्रास आहेत, असं माझं ठाम मत झालं आहे.

मूळ मापाचे स्टीलचे रिम जुन्या बाजारातून मिळवले, एकेक फिरवून वाकडा नाही ना ते बघितलं, आणि चार नवे टायर घेतले. वीस हजारांच्या वर खर्च आला. निवडताना काय बघितलं ते सांगते. चारही एकाच कंपनीचे आणि एकाच नमुन्याचे. भाराचा निर्देशांक ८८, म्हणजे एका टायरला ५६० किलो. वेगाचं अक्षर एच, म्हणजे २१०पर्यंत, कारण मला घट्ट बांधणी हवी होती. नक्षीत मधोमध सलग पट्टी असलेला नमुना. मधली पट्टी न तुटता गोल फिरत असेल तर सरळ जाताना टायर कमी मुरडतो. तुटक, मोठ्या ठोकळ्यांचे टायर माती-चिखलाला चांगले, हायवेला ते रेंगाळतात. आणि शिक्का ताजा, काही आठवड्यांपूर्वीचा. दुकानदार काचेवरचा धूळ खाल्लेला टायर स्वस्तात देत होता, तो घेतला नाही.

नायट्रोजनचाही आग्रह झाला, हिरव्या टोप्यांसकट. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. तापमानानं दाब जेवढा हवेचा वाढतो, जवळपास तेवढाच नायट्रोजनचा. फायदा मुख्यतः कोरडेपणाचा. मला घरी कधीही मोजून भरता येईल अशी साधी हवाच सोयीची वाटते.

नवे टायर बसवून निघाल्यावर पहिले काहीशे किलोमीटर गाडी पुन्हा थोडी ढिली वाटली. हे मला ठाऊक होतं, म्हणून घाबरले नाही. नव्या टायरची नक्षी आठ मिलिमीटरच्या आसपास खोल, उंच ठोकळे जास्त हलतात, आणि साच्यातून सुटावा म्हणून लावलेल्या लेपाचा अंशही वर असतो. तेवढे दिवस वेग कमी ठेवला, जोराचे ब्रेक टाळले. मग गाडी बसली.

आता हवेचं बारीक जुळवणं. “हायवेला दोन पॉइंट जास्त” हा सल्ला सगळेच देतात, तो मी तपासून बघितला. पुढे ३३ऐवजी ३६ केले तर स्टेअरिंग उतावळं झालं आणि काँक्रीटच्या जोडांवर पुढची चाकं टणटण उडू लागली. पुढे पुन्हा ३३ आणि मागे ३०ऐवजी ३२ केले, तर तीच गाडी शांत झाली. दोघी-तिघींच्या प्रवासाला आता मी हेच ठेवते. हवा वाढवत गेलं की फायदाही वाढत जातो, असं नाही. एका हद्दीनंतर टायर मध्यावरच टेकतो, टेकणारी लांबी घटते आणि आधार पुन्हा कमी होतो, विशेषतः रिकाम्या गाडीच्या हलक्या मागच्या बाजूला.

दिवाळीला सगळे मिळून नागपूरला निघालो तेव्हा मागे तिघे, डिकी गच्च. त्या दिवशी दाराच्या खांबावरच्या पट्टीप्रमाणे मागे ३६ केले. हा बदल बहुतेक लोक करत नाहीत आणि नेमका तोच प्रवास सगळ्यात लांबचा, सगळ्यात जड असतो. भरलेल्या गाडीचं वजन मागच्या टायरवर पडतं. तिथे ३० ठेवून १२०नं जाणं म्हणजे मागच्या साइडवॉलला सतत चुरगळणं. कमी हवेचा टायर वेगात फिरताना जमिनीवरून सुटलेला भाग पूर्ववत व्हायच्या आत पुन्हा जमिनीवर येतो, रबरात लाट उभी राहते आणि ती उष्णता होऊन आतल्या थरांवर जाते. टायर फुटतो तो पुष्कळदा असा. मे महिन्यात वाशिम-अमरावतीच्या उन्हात तर याला फार जागा मिळते.

उन्हाचाच दुसरा धडा. पहाटे ३३ केलेलं पुढचं चाक दुपारी पेट्रोलपंपावर थांबून मोजलं तर ३८ दाखवतं. पंपावरचा मुलगा लगेच म्हणतो, “ताई, हवा जास्त आहे, काढू का?” काढायची नाही. टायरमधली हवा दहा अंशांनी तापली की दीड पीएसआय वाढतो, तीस-पस्तीस अंशांनी तापली की पाच. हे कंपनीनं धरलेलंच असतं. गरम टायरमधून पाच काढले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो २८वर बसलेला असेल आणि गाडी का डुलते याचा शोध नव्यानं सुरू. गाडीत हवेचा इशारा देणारा दिवा असला तरी त्यावर विसंबू नये. अमेरिकेच्या नियमात तो दाब २५ टक्के घटल्यावर लागला पाहिजे असं आहे, म्हणजे ३३चे २५ झाल्यावर. सरळ जाण्याचा तोल त्याच्या कितीतरी आधी गेलेला असतो.

गाडीची खरी कसोटी वाऱ्यात लागली. सिंदखेडराजाच्या पुढे महामार्ग कधी टेकडी कापून खालून जातो, कधी भरावावरून उंच. खोदाईत दोन्ही बाजूंना खडक, वारा शून्य. तिथून बाहेर पडून भरावावर आलं की मोकळ्या माळावरचा वारा एकदम आडवा लागतो. जूनच्या सुरुवातीला, पाऊस यायच्या आधी, तो जोरात असतो. गाडीवर वाऱ्याचा जोर सहसा मध्याच्या पुढे लागतो, म्हणून नाक वाऱ्यासोबत फिरतं. आधी अशा जागी मी दोन्ही हातांनी स्टेअरिंग आवळून धरायचे. आता नाक हलतं, पण शेपूट जागा सोडत नाही. थोडा हात दिला की गाडी रेषेत. ट्रकच्या पुढे जातानाही तसंच: त्याच्या आडोशाला शिरताना ओढ आणि पुढे निघताना ढकल. दोन्ही ठिकाणी स्टेअरिंगवरची पट्टी केवळ बोटभर हलते.

पाऊस ही वेगळीच गोष्ट आहे. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगायला लागतो तो वेग हवेच्या दाबाशी जोडलेला आहे. नासाच्या संशोधकांनी १९६३ साली विमानांच्या टायरवरून त्याचं सूत्र मांडलं: दाबाचं वर्गमूळ गुणिले १०.३५, उत्तर ताशी मैलांत. ३३ पीएसआयला ते ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास येतं, २६ला ८५. कारच्या टायरला हे जसंच्या तसं लागू होत नाही, नक्षी आणि पाण्याची खोली यांवर बरंच अवलंबून आहे. पण दिशा तीच. आणि पाण्यावर पुढची चाकं तरंगली तर गाडी सरळ जात राहते, मागची तरंगली तर गाडी फिरते. म्हणून दोनच नवे टायर घ्यायचे असतील, तर ते मागे लावा, पुढच्या चाकांना इंजिन जोडलेलं असलं तरी. यावर टायरच्या दुकानात वाद घालावा लागतो. घाला. पावसात मी वेग ८०वर आणते, ते वेगळं.

आता महिन्यातून दोनदा पहाटे मोजणी होते, मुलगी आकडे वहीत लिहिते. मागची दोन्ही चाकं हवा धरून आहेत. पुढचं डावं मात्र महिन्याला दोन-तीन पीएसआय सोडतंय. व्हॉल्व्ह बदलून झाला, साबणाचं पाणी लावलं तर रिमच्या कडेला बारीक बुडबुडे येतात. जुन्या स्टीलच्या रिमला आतून गंज असावा, असं चाचा म्हणतात. रविवारी टायर उतरवून ती कड घासून, रंगवून घ्यायची आहे, आणि चाक परत बसवलं की बॅलन्सिंगही.